मनगटावर बसलेलं भूत

आमची फिल्म सगळी मिळून बावीस मिनिटांची. पण तिचे किस्से सांगायला बसलं की चहाचे दोन राउंड होतात, आणि तरी कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो समोरच्या आंटींचा राहिला." तेव्हा जमतील तेवढे सांगते.

फिल्म लिहिली आमच्या नोएडाच्या ऑफिसातल्या समीर शेखनं. मूळचा सोलापूरचा, दिवसभर कोडिंग करतो, डोक्यात मात्र हॉरर. गोष्ट अशी: एका घरातली माणसं एकमेकांशी इतकी कमी बोलतात, की घरात भूत राहायला आलंय हे महिनाभर कुणाच्या लक्षातच येत नाही. आईबाबा झाले परांजपे काकू आणि काका, कारण फरीदाबादचा फ्लॅट त्यांचा. साउंड माझ्याकडे, कारण चांगला हेडफोन माझा. शूटिंग रविवारी सकाळी, खिडक्यांना काळे कागद लावून.

*

भूत होता विलास. लातूरकडचा, सिव्हिल सर्व्हिसची तयारी करणारा. तोंडाला मैदा, डोळ्यांखाली काजळ. आमचे लाइट लागेपर्यंत तो बाल्कनीत राज्यघटना वाचत बसला.

समोरच्या बाल्कनीतल्या आंटींनी कपडे वाळत घालता घालता त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "बेटा, कौन सा अटेम्प्ट है?"

"चौथा."

दहा मिनिटांत तिकडून गरम पराठे आले.

*

मुलीचं काम ऋचाकडे. जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्लीत. मराठी फक्त आईशी. तिचा सगळ्यात भीतिदायक डायलॉग होता, "आई, माझ्या मानगुटीवर भूत बसलंय."

कॅमेरा सुरू झाला. ऋचानं डोळ्यांत खरं पाणी आणलं आणि थरथरत म्हणाली, "आई, माझ्या मनगटावर भूत बसलंय."

काकूंनी चेहरा न हलवता विचारलं, "डाव्या की उजव्या?"

समीर हसत हसत खालीच बसला. तो टेक आम्ही फिल्ममध्ये ठेवलाय.

*

मग काकूंची किंकाळी. पहिल्याच टेकला अशी दिली की मी हेडफोन काढून फेकला. मिनिटभरात इंटरकॉम वाजला. खालून गार्ड विचारत होता, "सर, सब ठीक है?"

"बिल्कुल ठीक," काका म्हणाले, "फिल्म की शूटिंग है."

"अच्छा. मैं समझा फिर से रिमोट नहीं मिल रहा."

*

शेवटचा सीन मात्र अडला. बाबा भुताला दारात गाठतात आणि म्हणतात, "माझ्या घरातून चालता हो." काकांना सगळ्यांचे डायलॉग पाठ, पण हा तोंडातून निघेना. सहा टेक झाले.

"काका, चारच शब्द आहेत," समीर म्हणाला.

काकू टेबलावर ताटं मांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते चार शब्द त्यांचे एकदा म्हणून झालेत. अनिकेतला. चार वर्षं झाली त्याला."

अनिकेत त्यांचा मुलगा. गुरुग्रामला असतो, म्हणजे गाडीनं तासाभरावर. आम्ही त्याला फक्त फ्रिजवरच्या फोटोत पाहिलं होतं.

विलास मैद्याचं तोंड घेऊन दारात उभाच. कॅमेरा चालू. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, शेजारची खुर्ची मागे ओढली आणि म्हणाले, "ये, बस. जेवून घे."

विलासला अख्ख्या फिल्ममध्ये एकही डायलॉग नव्हता. तो येऊन बसला आणि म्हणाला, "हो बाबा."

समीर कट म्हणायचं विसरला. काका उठले, फोन घेऊन बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं. कॉलरला माइक तसाच होता, आणि हेडफोन माझ्या कानावर.

"अनिकेत? बाबा बोलतोय... नाही नाही, आई ठणठणीत आहे... अरे, घरी एक भूत आलंय, जेवायला बसलंय. तू किती वाजेपर्यंत पोचशील?"