समोरच्या घरावरचा झेंडा

आमच्या बोळात नळाला पाणी तासभरच येतं, पण नळावरच्या गोष्टी दिवसभर पुरतात. मी फारशी बोलत नाही. त्याचा एक फायदा असा, की मी तिथेच उभी आहे हे लोक विसरून जातात! त्यामुळे माझ्याजवळ किस्से साचत जातात. माझी मैत्रीण सुमन म्हणते, "कमले, तू बोलत नाही वं, नुसती लोणच्यावानी मुरवत ठेवते!"

तर आज थोडं काढते. यंदाचे सगळे किस्से एकाच झेंड्याचे आहेत.

आधी बोळ सांगते. सात घरं, त्यांतली सहा विणकरांची. सातवं आमचं, सिंध्यांचं. बाबांचं सीताबर्डीला कटपीसचं छोटं दुकान आहे, अम्मा पापड करून विकते. घरी आम्ही सिंधीत बोलतो, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. समोर सुमनचे वडील, गणपतकाका. सकाळी त्यांचा ताणा बोळभर पसरतो. काठ्यांवर सूत ताणायचं, त्याला कुंच्याने खळ लावायची आणि वाळू द्यायचं, याला पांजणी म्हणतात. तेवढा वेळ माणूस असो, सायकल असो, शेळी असो, सगळ्यांनी वाकून जायचं. बाबा तर इतके सवयीचे झालेत, की ताणा नसला तरी त्या जागी वाकतात!

बाबांचं गाव शिकारपूर. ते आता पाकिस्तानात आहे. एरवी ही गोष्ट कोणाच्या लक्षातही नसायची. पण लढाई सुरू झाली आणि शिकारपूर एकदम नळापर्यंत आलं.

* * *

रेडिओवर लढाईची बातमी आली त्याच दिवशी गणपतकाकांनी छपराच्या वळचणीला बांबू बांधून तिरंगा लावला. सगळा बोळ जमला. बाबाही टाळ्या वाजवायला बाहेर गेले.

बांबू थोडा कलता होता आणि नेमका आमच्या दाराकडे. वारा आला की झेंड्याचं टोक आमच्या उंबऱ्यापर्यंत यायचं.

काकांनी खाली उतरून हात झटकले, आमच्या दाराकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "आता समजंन ज्याले त्याले, हा मोहल्ला कोणाचा आहे थे!"

बाबांचे टाळीला उचललेले हात तसेच राहिले. ते घरात आले. अम्माने दाराचा पडदा ओढून घेतला.

"झेंडाच तर आहे," बाबा म्हणाले. "आपलाच आहे."

"झेंडा नाही तो," अम्मा म्हणाली. "नोटीस आहे. जागा खाली करा!"

* * *

दुसऱ्या दिवशी नळावर पोरांनी मला नवं नाव दिलं. कराची हलवा!

माझ्या वतीने सुमनच भांडली. "ए पोट्टेहो! हलवा गोड असते, तुम्ही काहून कडू होऊन राहिले?"

पोरं पळाली, पण मी घरी येऊन रडले. बाबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता रागावून नळावर जातील.

"शिकारपूर कुठे आणि कराची कुठे!" ते म्हणाले. "भूगोल फार कच्चा आहे या पोरांचा."

* * *

माझा मामा जरीपटक्याला राहतो. तिथे सगळे सिंधीच. झेंड्याचं ऐकून तो त्याच दिवशी सायकल मारत आला.

"दीदी, माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. आपल्या लोकांत या. इथे कोण आहे तुमचं?"

अम्मा लगेच तयार झाली. जरीपटक्याहून माझी शाळा लांब पडली असती, म्हणजे शाळा बदलावी लागली असती. नववीच्या मध्यात! आणि तिथे सुमन नव्हती. जी मुलगी चार वर्षांत एकच मैत्रीण करू शकली, तिने दुसरी कधी करायची?

मामा बोलत होता, पण बाबांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर ऊन उतरलं होतं.

"जीजा, ऐकताय ना?"

"सूर्य बुडतोय," बाबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना शिकारपूर आठवलं. पण ते झेंड्याकडे पाहत होते. सूर्य बुडायच्या आत झेंडा उतरवायचा असतो, म्हणाले. शिकारपूरला लहानपणी ते प्रभातफेरीत झेंडा धरायचे आणि संध्याकाळी उतरवून, घडी करून ठेवायचं कामही त्यांचंच असायचं. गणपतकाका तर संध्याकाळी लुगडी द्यायला इतवारीत शेठकडे जातात, ते दिवे लागल्यावर येतात. झेंडा रात्रभर वरच!

"मग जाऊन सांगा त्यांना," अम्मा म्हणाली.

"मी?" बाबा म्हणाले. "मी जाऊन सांगू, झेंडा उतरवा म्हणून?"

मामाने खोलीचं बोलणं तिथेच सोडलं आणि सायकल काढली.

* * *

पण बाबांना चैन पडेना. गिऱ्हाईक संध्याकाळीच येतं, तरी दुकान लवकर बंद करून ते घरी यायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. जेवताना उठून एकदा बाहेर बघून यायचे. शेवटी त्यांनी आडून सुचवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी नळावर म्हणाले, "गणपतराव, हल्ली दिवस लवकर बुडतो, नाही?"

"हाव. भादवा आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, "रात्री दव पडतं हो. कापड खराब होतं."

"म्या जन्मभर कापडच विणलं साईं. कापडाचं मले सांगता?"

बोळात बाबांना सगळे साईं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी बाबांनी आभाळाकडे बघत म्हटलं, "पाहा, संध्याकाळ झाली की पक्षीसुद्धा खाली उतरतात."

काकांनी बाबांकडे नीट निरखून पाहिलं आणि घरी जाऊन काकूंना म्हणाले, "साईंची तब्येत काही बराबर दिसत नाही."

हे मला सुमनने सांगितलं. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही!

* * *

मग एका सकाळी मामा मदतीला आला. मामाचा आवाज मोठा आणि धीर कमी. बाबांची पक्ष्यांची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "एवढंच ना? आत्ता सांगतो."

बाबा नको नको म्हणेपर्यंत तो बाहेर गेला, सायकलवर टांग टाकली आणि ओरडला, "ओ भाईसाब! झंडा उतारो!"

आणि निघून गेला! संध्याकाळ नाही, सूर्य नाही, नियम नाही. नुसतं झंडा उतारो.

काकांच्या हातातला कुंचा थांबला. "काहून? टोचते का तुमाले?" ते आमच्या दाराकडे बघून म्हणाले. मामा तोवर कोपऱ्यावर वळला होता.

दुपारपर्यंत सातही घरांत बातमी पोचली. साईंच्या मेहुण्याने झेंडा उतरवायला सांगितला! दुसऱ्या दिवशी नळावर माझी बादली आपोआप शेवटी गेली. काकू माझ्याकडे न बघता पाणी भरून निघून गेल्या. वर्गात सुमन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिथून तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही वेळा वहीत पाहिलं.

अम्माने ट्रंक भरायला घेतली. रविवारी टांगा घेऊन येतो, असा मामाचा निरोप आला. बाबांनी ट्रंकेला हात लावला नाही. खिडकीशी मात्र उभे राहिले.

* * *

शनिवारी सकाळी काकांची पांजणी चालू होती. ताणा बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. आभाळ स्वच्छ होतं, आणि कुठूनसा सणसणीत पाऊस आला!

आमच्या बोळाचा एक रिवाज आहे. ताण्यावर पाऊस आला की कोणी कोणाला हाक मारत नाही. घरात असेल त्याने धावायचं, एकेक काठी धरायची आणि सगळ्यांनी मिळून ताणा उचलून ओसरीत न्यायचा. एकाने जरी काठी सोडली तरी ओलं सूत एकमेकांना चिकटतं आणि सगळं लुगडं वाया जातं.

अम्मा दारात उभी राहिली. तिच्या खाटेवर पापड वाळत होते. तिने पापडांकडे पाहिलं, ताण्याकडे पाहिलं. "मरू देत पापड!" म्हणाली आणि धावली. मी तिच्यामागे. माझ्या हातात आलेल्या काठीचं दुसरं टोक सुमनच्या हातात होतं.

"नीट धर वं," ती म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य!

ताणा अर्ध्यावर उचलला होता, तेवढ्यात वरून कर्रकर्र आवाज आला. वळचणीला बांधलेल्या बांबूचा दोर सुटत होता. भिजून जड झालेला झेंडा हळूहळू खाली कलत होता. खाली चिखल.

सगळ्यांनी वर पाहिलं. पण काठी कोणालाच सोडता येईना. काकांनी झेंड्याकडे पाहिलं, ताण्याकडे पाहिलं, पुन्हा झेंड्याकडे पाहिलं.

हात रिकामे असलेला एकच माणूस बोळात होता. बाबा. दाढी अर्धी टाकून आले होते, एका गालावर साबण तसाच.

आणि गणपतकाका सगळ्या बोळाला ऐकू जाईल असे ओरडले, "साईं! झेंडा उतरवा!"

* * *

बाबांनी शिडी लावली. एका हाताने बांबू धरला, दुसऱ्या हाताने गाठ सोडली. झेंड्याचं टोकही कुठे टेकू दिलं नाही. खाली आले आणि काकांच्या दारात उभे राहिले, पाय चिखलाचे होते म्हणून आत जाईनात. ताणा ओसरीत सुखरूप पोचेपर्यंत ते झेंडा दोन्ही हातांवर घेऊन तसेच उभे होते. गालावरचा साबण पावसाने धुऊन गेला होता, पण दाढी अर्धीच होती.

मग काकूंनी सगळ्यांना चहा केला. अम्माने वाचलेले पापड भाजून आणले. तिथे बाबांनी एकदाचं सूर्याचं सांगितलं.

"मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?" काका म्हणाले.

"सांगितलं ना. दिवस बुडतो म्हटलं, दव म्हटलं, पक्षी..."

"थे पक्ष्यायचं याच्यासाठी होतं का!" काका म्हणाले. "आन् मी हिले म्हटलं, साईंले डॉक्टरकडे न्या!"

हसू ओसरल्यावर अम्माने हळूच विचारलं, बांबू आमच्याच दाराकडे का?

"दुसऱ्या बाजूनं माह्यं लुगडं वाळते," काकू म्हणाल्या. "झेंड्याच्या म्होरं लुगडं बरं दिसते का, सांगा!"

पुन्हा सगळे हसले. काका हसले नाहीत. बशीकडे बघत म्हणाले, "लुगड्याचं खरं आहे, बाई. पण मोहल्ला कोणाचा, थे मी तुमालेच म्हटलं होतं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

अम्माने उठून काकांच्या बशीत आणखी एक पापड ठेवला.

मग काकांनी बाबांना विचारलं, "मी तं रोज संध्याकाळी इतवारीत असतो. तुम्ही उतरवान का?"

त्या संध्याकाळी झेंडा वेळेवर उतरला. बाबा दोनदा जेवले!

* * *

एक गोष्ट मात्र राहून गेली. मामाला कोणी काही कळवलंच नव्हतं. अम्माही खोलीबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. ट्रंक भरलेली तशीच होती.

रविवारी दिवस कलल्यावर मामा टांगा घेऊन हजर! ताणा नव्हता म्हणून टांगा थेट दारापर्यंत आला. मामाने ट्रंक चढवली, वळकटी चढवली, अम्माचा पापड लाटायचा पोळपाट वर ठेवला. मी अम्माच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या तोंडावरून काहीही कळत नव्हतं. समोर सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"जीजा कुठे आहेत?" मामाने विचारलं.

मी समोर बोट दाखवलं. बाबा काकांच्या शिडीवर होते. सूर्य समोरच्या छपराच्या कवेलूंना टेकला होता.

"दीदी, बस तू टांग्यात. उशीर होतोय."

"थांब," अम्मा म्हणाली. "झेंडा उतरू दे."

मामा थांबला. टांगेवालाही घोड्याचा लगाम धरून उभा राहिला. बाबांनी झेंडा उतरवला, घडी केली आणि काकूंच्या हातात दिला.

"उतरला!" मामा म्हणाला. "चल आता."

अम्मा टांग्याजवळ गेली. पोळपाट उचलून तिने खाली घेतला आणि पदराने पुसला.

"आणि उद्या?" ती म्हणाली.