पोहतो म्हणायची लाज

"काका, तुम्ही पाण्यात उतरता का? नदी, ओढा, तळं, काहीही?"

पुण्यातल्या हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टर बाईंनी नुकतीच माझी पोटरी दाबली होती आणि मी वॉर्ड दणाणेल असा ओरडलो होतो. तापानं डोकं ठणकत होतं, डोळे पिवळे झाले होते, तरी प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला. मी म्हणालो, "पोहतो. रोज. दौंडला, भीमेत."

माझा मेव्हणा दिनकर पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो लगबगीनं पुढं आला. "न्हाई वो मॅडम, तापात बरळत्यात दाजी. रेल्वेत फिटर हायेत ते. छप्पन वय झालंय. ह्या वयात कोण पव्हतंय?"

माझी बायको सुमन त्याच्या शेजारीच होती. ती जमिनीकडं बघत राहिली.

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "यांना जरा बाहेर थांबायला सांगा," असं त्यांनी सिस्टरना सांगितलं आणि वाकून मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. पळतो हेही सांगितलं, आणि टाचेवर बुटानं आलेला फोड फुटलाय तोही दाखवला.

"हे आधी कोणी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या. "हा लेप्टोस्पायरोसिस दिसतोय. रिपोर्ट येईल तेव्हा येईल, इंजेक्शन आत्ताच सुरू करू."

का नाही सांगितलं, ते इथं लिहितोय. राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहितोय. तुमच्या घरात कोणी असं पिवळं पडून झोपलं, तर निदान तुम्ही तरी तोंड उघडावं.

लेप्टोस्पायरोसिस म्हणजे उंदरांच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा एक जंतू. पायाला चीर असली, फोड असला, तर तिथून तो अंगात शिरतो. ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या असह्य दुखतात. वेळेत औषध मिळालं तर माणूस हिंडताफिरता राहतो. नाही मिळालं तर हा जंतू यकृत आणि किडनीला धरतो. मला वेळेत मिळालं नाही.

मी पोहायचो ते गंमत म्हणून नाही. मला ट्रायथलॉन करायची होती. ट्रायथलॉन म्हणजे एकाच दिवशी, न थांबता, दीड किलोमीटर पोहायचं, लगेच चाळीस किलोमीटर सायकल मारायची आणि वर दहा किलोमीटर पळायचं. गोव्याच्या समुद्रात अशी शर्यत होते आणि त्यात पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो, हे पेपरात वाचलं आणि माझ्या डोक्यात ते घुसलं. पोहणं मला नदीनं दिलं होतं. सायकल ड्युटीनं दिली. पळणं तेवढं मी स्वतः मिळवलं, तेही पन्नाशीनंतर, रेल्वे कॉलनीच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर.

लोक हसायचे. "भालेरावांना म्हातारचळ लागला," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सुट्टीच्या दिवशी चौफुला, न्हावरा करत शिरूरपर्यंत सायकल मारायचो, तर वाटेतल्या चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "आबा, एष्टी चुकली व्हय?" त्याला मी काही बोललो नाही. घरी येऊन मात्र सुमनवर चिडलो, ज्यात तिचा काही दोष नव्हता.

आणि पाण्याचं म्हणाल तर माझ्या आजोबांना गावाच्या वरच्या अंगाला नदीत ओंजळ बुडवायची सोय नव्हती. त्यांची वस्ती खाली, त्यांचं पाणीही खालचं. मी त्याच नदीत वरपासून खालपर्यंत हात मारत जायचो. या वयात पाण्यात कशाला जाता असं कोणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पाण्यात उतरायला मी आता कोणाची परवानगी काढणार नव्हतो.

पावसाळा सरत आला होता. पाणी गढूळ होतं, डोहाच्या कडेला फेस साचलेला असायचा. वरच्या अंगाची शहरं काय काय सोडतात ते सगळं आमच्याकडंच येतं. नवे बूट टाचेला चावले होते. शर्यतीला थोडेच महिने उरले होते, म्हणून मी खाडा केला नाही.

आधी पोटऱ्या दुखायला लागल्या. इतक्या, की घराच्या पायरीवर पाय टेकवेना. मला वाटलं, पळणं जास्त झालं. मग डोळे लाल झाले. वाटलं, गढूळ पाण्यानं झाले असतील. मग थंडी वाजून ताप आला. वाटलं, अंग मोडलंय, दोन दिवस पडून राहावं. या रोगाची प्रत्येक खूण माझ्या सरावाच्या आड लपून आली, आणि मी प्रत्येकीला ओळखीची समजून आत घेतलं.

गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पोटऱ्यांना हात लावला नाही. "या वयात पळाल तर पाय दुखणारच. वयाप्रमाणं राहावं माणसानं," असं म्हणून तापाच्या गोळ्या दिल्या आणि कंबरेत एक इंजेक्शन टोचलं. पोहतो हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सुमननं माझा दंड दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "पळता ते कळलं तेवढं पुरं झालं. चड्डीवर नदीत उतरता ते कशाला सांगायचं? बाकावर चार बाया बसल्या व्हत्या."

मग डोळे पिवळे झाले. शेजारणीनं ओळखलं, "कावीळ हाय ही." झालं. सुमननं इनामगावला भावाला फोन लावला आणि दिनकर जीप घेऊन हजर झाला. त्याच्या कमरेला नवा मोबाइल होता आणि त्याच्याकडं जगातल्या प्रत्येक दुखण्यावर उपाय होता. "काविळीला दवाखाना चालत न्हाई, दाजी. सुई टोचली की कावीळ अंगात मुरती. शिरूरकडं एक माळवाला हाय, तो उतरवतो."

मी विहारात अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. गंडे, दोरे, अंगारे यांवर किती वेळा घसा कोरडा केला असेल. आणि मला जीपमध्ये आडवं घालून त्या माळवाल्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं. त्यानं माझ्या हातांवर चुन्याचं पाणी ओतलं. पाणी पिवळं झालं. "उतरली बघा," दिनकर म्हणाला. मग वनस्पतीच्या देठांचे तुकडे दोऱ्यात ओवलेली माळ माझ्या गळ्यात घातली. माळ खाली उतरेल तशी कावीळ उतरेल, असं त्याचं शास्त्र. ओले देठ सुकतात, आक्रसतात, दोरा सैल पडतो आणि माळ लांबते, एवढं कळायला शाळेतही जावं लागत नाही. पण माझ्यात ती तोडण्याचंही बळ नव्हतं. माळ छातीपर्यंत आली आणि माझी लघवी बंद झाली.

ते सुमनच्या लक्षात आलं. पहाटे तिनं विचारलं, "कालपास्नं एकदा तरी गेलात का तुम्ही?" मी मान हलवली. मग मात्र तिनं भावाचं ऐकलं नाही. त्याच जीपनं मला पुण्याला न्यायला त्याला भाग पाडलं.

पुढचं तुम्हाला सुरुवातीलाच सांगून झालंय. पुण्यातही केस पेपर लिहिताना विचारलं होतं, काय करता, कुठं जाता, काही वेगळं? दिनकरनं सांगितलं, "काही न्हाई, ड्युटी आन् घर." माझ्या जिवापेक्षा त्याला त्याची इज्जत मोठी. बहिणीचा नवरा म्हातारपणी चड्डीवर हिंडतो ही थेरं पुण्याच्या डॉक्टरांना कशी सांगायची? त्या बाईंनी पोटरी दाबली नसती, तर मी ड्युटी आणि घर करणारा सज्जन माणूस म्हणून गेलो असतो.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. किडनी जो कचरा गाळून बाहेर टाकते, त्यातला हा एक. तो रक्तात वाढला म्हणजे गाळणी बंद पडली. डायलिसिस करावं लागलं. माझं रक्त नळीतून मशीनमध्ये जायचं, तिथं धुतलं जायचं आणि परत यायचं. मानेजवळ नळी, लघवीला नळी, हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाल्या, "किडनी बहुतेक परत काम करायला लागेल. पण वाट बघावी लागेल." बहुतेक या शब्दावर मी किती रात्री काढल्या ते मलाच ठाऊक.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात मोसंबी, जी किडनीमुळं मला वर्ज्य होती, आणि तोंडात तेच वाक्य. "कुणी सांगितलं होतं ह्या वयात?" एकानंही विचारलं नाही की नदीत हे आलं कुठून. धुणं धुणाऱ्या बाया त्याच पाण्यात उभ्या असतात, म्हशी धुणारे कमरेइतके उतरतात. त्यांचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं नदी निर्दोष आणि पोहणारा म्हातारा गुन्हेगार.

दुसऱ्या डायलिसिसच्या वेळी सुमन शेजारी बसली होती. माझा मोकळा हात उचलून तिनं आपल्या गळ्यावर ठेवला. "पाण्यात परत पाय ठिवणार न्हाई म्हणा. माझ्या गळ्याची शपथ हाय."

शपथेनं कोणी मरत नाही, हे मला माहीत आहे. पण नळ्यांनी बांधलेल्या माणसाकडून वचन काढून घेणं ही काय रीत झाली? मी चिडलो, आणि तिच्या डोळ्यांकडं बघून "बरं" म्हणालो. त्या "बरं"चा राग मला पुढं वर्षभर पुरला.

लघवी सुरू झाली तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी पिशवी उचलून मला दाखवली. तेवढा आनंद मला मुलाला परगावी नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. क्रिएटिनिन हळूहळू उतरलं. घरी आलो तेव्हा पाण्याची बादली उचलवत नव्हती. शेवटच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, शर्यतीचं काय? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "किडनी पूर्ण सावरली आहे. वर्षभरानं जरूर करा. साचलेल्या, गढूळ पाण्यात नको, आणि पायाला जखम असताना तर अजिबात नको. वयाचा यात काही संबंध नाही, काका. विशीतला मुलगा असता तरी हेच झालं असतं."

हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, सुमनला ऐकू जावं म्हणून. त्या बाईंचे उपकार मी मोजू शकत नाही.

आता तुमच्यासाठी दोन शब्द. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा असं एकत्र आलं, आणि पाण्याशी, चिखलाशी, गुरांशी संबंध आला असेल, तर स्वतःहून सांगा आणि लेप्टोची तपासणी करायला लावा. कावीळ हा रोग नाही, रोगाची खूण आहे, आणि तिची कारणं अनेक. डॉक्टर विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. दारू पीत असाल तर पितो म्हणा. पोहत असाल तर पोहतो म्हणा. लोक काय म्हणतील याचं उत्तर किडनीला देता येत नाही.

वर्षभर मी पळत होतो, सायकल चालवत होतो. पाण्याला पाय लावला नाही. ट्रायथलॉनमधलं पोहणं काढलं की जे उरतं, त्यानं माझं मन भरत नव्हतं. घरात दोन शब्द बोलायचो, जेवायचो, उठायचो. मी विषय काढला नाही, तिनंही काढला नाही.

मग इनामगावला सुमनच्या भाचीचा साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर मंडपात पुरुषमंडळी पान खात बसली होती. केंदूरचे एक पाहुणे सांगायला लागले, धाकट्या भावाला ताप आहे, डोळे पिवळे झालेत. दिनकरनं लगेच तोंड घातलं. "दवाखान्यात नेऊ नका. आमचा माळवाला हाय ना. ह्या आमच्या दाजींना त्यानंच उठवलं. पुण्याला आपलं नावाला नेलं व्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तोच मागून सुमनचा आवाज आला. हातात ताक वाढायचं भांडं होतं तिच्या.

"दादा, खोटं सांगू नगंस. माळेनं मरायला लागलं व्हतं माणूस." मग ती त्या पाहुण्यांकडं वळली. "आमचे हे नदीत पव्हत्यात. शर्यतीसाठी पव्हत्यात, गोव्याच्या. त्या पाण्यातनं झालं त्यांना. आन् ते आम्ही लाजंपायी डॉक्टरला सांगितलं न्हाई, म्हणून किडनी गेली व्हती. तुमचा भाऊ काय काम करतो, कुठल्या पाण्यात असतो, ते समदं डॉक्टरला सांगा. आजच न्या."

दिनकर पान चघळायचा थांबला. पाहुणे उठले आणि जोड्यात पाय घालून निघाले.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. तिनं तिकिटांची घडी करून पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "नदीत न्हाई. दादाच्या विहिरीत. तुम्ही पव्हायचं, आन् मी काठावर बसणार."

"आणि तू शपथ घातलीस ती?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा, पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं.

तिनं माझा हात उचलला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुटली."