निलगिरीचा मांडव, उंबराची मेढ

गडहिंग्लजकडच्या मित्राच्या, महादेव अण्णांच्या, थोरल्या लेकीचं लग्न. फोनवर हुकूम: "मांडवाच्या आदल्या दिवशीच या, शास्त्र सांगाय माणूस पायजे." संस्कृत शिकल्याचा आजवर झालेला फायदा एवढाच, की लोक मांडवाला बोलावतात आणि जेवूही घालतात.

कोल्हापूरहून सकाळची एसटी धरली. निपाणीपर्यंत हायवे, पुढे उत्तूरमार्गे वळणं. भाडं मिसळीच्या दोन प्लेटींच्या आसपास; मिसळ आधी खावी की उतरल्यावर, हे वळणांचा विचार करून ठरवावं. गडहिंग्लजहून गावापर्यंत वडाप, म्हणजे माणसं कोंबलेली जीप.

अण्णांचा माळ लांबूनच दिसतो, सगळा निलगिरीचा. "लावली तवा लोक हसले. आता वासे मागाय माझ्याकडंच येत्यात." खोटं नाही. इथं पूर्वी नुसती कुसळं. निलगिरी सरसर वाढली, शेळ्यांनी तोंड लावलं नाही, गावाचं सरपण भागलं आणि डोंगरावरच्या जंगलाची तोड कमी झाली. पण झाडांखाली गवत जवळपास नाही, घरटं एकही दिसलं नाही, आणि मेपर्यंत पुरणारी खालची विहीर आता होळीलाच तळ दाखवते.

"पाऊस कमी झालाय," अण्णा म्हणाले.

"शेजारच्या विहिरीवर येगळा पडतोय व्हय?" भाकरी वाढत त्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी विचारलं. मी शेंगदाण्याच्या चटणीकडे लक्ष दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी हौसेनं मांडवाचा पहिला खांबही निलगिरीचाच रोवला. शांताक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. "मेढ उंबराची लागती."

सगळे माझ्याकडे बघू लागले. "शास्त्रात निलगिरी सापडत नाही," मी म्हणालो. "ऋषींना ऑस्ट्रेलिया ठाऊक नसावा."

गावात उंबर उरलाय एकच, अण्णांच्याच ओढ्याकाठी. आम्ही तिघं गेलो तेव्हा वर पोपटांची पंगत बसलेली, खाली जमीन ओली, आणि खोडावर चुन्याची ठळक खूण. लग्न उरकलं की तो पाडायला कटरवाला येणार, तिथंही निलगिरीची रोपं लागणार. हे अण्णांनी घरात सांगितलं नव्हतं.

शांताक्कांनी आवाज चढवला नाही. "धाकटीच्या मांडवाला फांदी कुणाच्या दारात मागू?"

"निलगिरी काय वाईट हाय?"

"न्हाय की. पावण्याला सोप्यात जागा दिलीया, बसू दे. देवघरात कशाला घालतायसा?"

अण्णांनी कोयता उचलला. फांदी तोडली, खांद्यावर टाकली. मग वाकून ओढ्यातला मूठभर चिखल घेतला आणि चुन्याच्या खुणेवर फासला.

मांडव झकास झाला. मेढ उंबराची, बाकीचे वासे निलगिरीचे. एकही वाकडा नाही.

निघताना अक्कांनी उंबराचं छाटं पिशवीत घातलं. कोल्हापुरात माझ्या दारातला गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भर दुपारी त्याच्याखाली चौकातले रिक्षावाले डुलक्या काढतात, त्याला हात लावायची माझी हिंमत नाही. छाटं बघून बायको म्हणाली, "भिंतीजवळ लावू नका, मुळं भिंत फोडतील." हेही खरंच. देशी म्हणून त्याला जागा कमी लागत नाही.

सध्या ते गुलमोहराच्या सावलीत, बादलीत आहे. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेसाठी शेजाऱ्यांशी बोलणी चालू आहेत.