निवायला दोन दिवस

आज सकाळी भट्टीतून काढलेली वडी तळहातावर घेतली, तर कडेपासून मधोमध गेलेली केसाएवढी चीर दिसली. डोकंच फिरलं.

बटणाएवढी, चिनीमातीसारखी भाजलेली सिरॅमिकची वडी. अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा अशा वड्यांच्या कणाकणात पक्का बांधायचा आणि जमिनीत खोल पुरायचा, म्हणजे तो कधी पाण्यात उतरणार नाही, अशी आमची खटपट. चाचणीच्या वडीत खरा कचरा नसतो, त्याच्यासारखं वागणारं साधं द्रव्य असतं. ती भाजायला अर्धा दिवस लागतो, निवायला मात्र पुरते दोन दिवस. त्या दोन दिवसांत काही म्हणजे काही करायचं नसतं. भट्टीचं दार उघडायचं नाही, एवढंच.

आणि नेमकं तेच आम्हाला जमत नाही! शनिवारी संध्याकाळी आमच्या सरांनी दार बोटभर उघडलं. "जरा वारा लागू दे, लवकर निवेल," म्हणाले. त्यांना आज वरच्या साहेबांना वडी दाखवायची होती. मी शेजारीच उभा होतो.

आपल्या पतवंडांच्याही पतवंडांना जिने सांभाळायचं, त्या वडीला आम्हाला एक रविवार एकटं सोडवत नाही. हजारो वर्षांच्या बाता मारतो आणि नजर सोमवारच्या पुढे जात नाही.

नवी वडी भट्टीत ठेवली, दार लावलं आणि सरांना फोन करून चिरेचं सांगितलं.

"बरं. दुसरी उद्या मिळेल ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "बघतो, सर."