तीन सेकंदांनी हात

दुपारी एक ते चार दुकानाचं शटर खाली असतं. सांगलीत या वेळात गाद्या विकायला बसणं म्हणजे झोपलेल्याला अंथरूण विकणं. शटरच्या आत सेल्समन अविनाश मुळीक सहा इंची फोमवर आडवा झालाय. अंगाखाली प्लॅस्टिक कुरकुरतंय. चार वाजता केंगारांची मुलगी येणार आहे. फोनवर ती एवढंच म्हणाली, “बाबा घराबाहेर शेवटचे तुमच्याच दुकानात आले होते. काही त्रास होत होता का, तेवढं विचारायचंय.”

उत्तर तयार आहे. नाही ताई, एकदम मजेत होते. मुळीक ते मनात घोळवतो. तिसऱ्यांदा घोळवताना ‘मजेत’च्या पुढचं सापडत नाही, पंख्याचा आवाज लांब जातो, आणि शेजारची नमुन्याची उघडी गादी कुणीतरी बसावं तसा उसासा टाकते.

दामोदर केंगार उताणे पडलेत. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पांढरा सदरा, चपला पायथ्याशी जोडीनं काढलेल्या. पंधरा दिवसांपूर्वी असेच पडले होते, तेव्हा जिवंत होते, एवढाच फरक.

“गादी पोचवली का घरी?” ते विचारतात.

“पोचवली, काका. त्याच संध्याकाळी.”

“मग मी कुठं होतो?”

“खाली. जमिनीवर ठेवलं होतं तुम्हाला. टेम्पोवाला दारातच गादी उभी करून परत आला.”

“पावतीवर सही घेतली?”

“घेतली. शेजाऱ्यांची.”

“कामाचा माणूस,” केंगार म्हणतात.

गाद्यांच्या रांगा आता फलाटांना लागल्यात. स्टँडच्या घड्याळाखाली कंपनीनं पुण्याहून पाठवलेला ट्रेनर माईकवरून सांगतोय: “गिऱ्हाइकाचा आरसा व्हा! त्यानं हनुवटी खाजवली, तीन सेकंदांनी तुम्ही खाजवा. त्याला वाटलं पाहिजे, हा आपलाच माणूस!” मुळीकला या विद्येत पहिला नंबर मिळालाय. भिंतीवर फोटो आहे. घरी बायको रडली तर तोही तीन सेकंदांनी डोळे पुसतो. ती आता त्याच्यासमोर रडत नाही.

केंगार स्टिअरिंगवर बसलेत. मुळीक शेजारी बॉनेटवर, गरम लोखंडावर. काचेसमोरून रस्ता येतोय, आणि रस्त्याच्या कडेला पलंग मांडलेत.

“त्या दिवशी मी मान चोळली,” केंगार म्हणतात, “तुम्ही चोळलीत. मी जबडा दाबला, तुम्हीही दाबलात.”

“हो.”

“मग डावा हात छातीवर ठेवला.”

“मीही ठेवला, काका.”

“तेच सांगतोय. मला वाटलं, ह्या बाबाच्याही छातीत कळ येतीय. तरी गडी हसून गादी दाखवतोय. मग आपणच कशाला कांगावा करायचा?”

बॉनेट फारच तापलंय. मुळीकला उठता येत नाही.

“घाम आला होता मला.”

“मला वाटलं, जिना चढून आलात म्हणून.”

“तुमच्या दुकानाला जिना नाही, मुळीक.”

रस्त्याकडेला एक बाई हात करते. केंगार गाडी थांबवतात. कुणी चढत नाही, गाडी निघते.

“हात दाखवा, गाडी थांबवा. तीस वर्षं थांबवली. भर उन्हात, फुल गाडीत. मी तुम्हाला हात दाखवला. तर तुम्ही मलाच उलटा हात दाखवलात.”

मुळीक विचारतो, “मजेत होते म्हणून सांगू का तिला?”

“सांगा की. पण पोरगी ड्रायव्हरची आहे. तोंड ऐकत नाही, हात बघते.” केंगार गिअर टाकतात. “तीच म्हणाली होती, बाबा, पाठ अवघडतीय तर गादी बदला. आता म्हणती, दवाखान्यात न्यायचं सोडून मी गादीच्या दुकानात पाठवलं. सगळ्या जगात आपल्या एकटीलाच दिसलं नाही, असं धरून बसलीय. जेवत नाही.”

“मला दिसलं होतं,” मुळीक म्हणतो.

“मग मला कशाला सांगताय?”

आणि केंगार गादीच्या काठावर बसलेत. पायांनी चपला शोधताहेत. उठताना डावा पंजा फोमवर टेकतात, सगळा भार देऊन. मुळीकचा डावा हात आपसूक वर येतो.

शटर वाजतंय. चार वाजलेत.

मुळीक उठतो. शेजारच्या उघड्या गादीवर पंजा उमटलाय. डावा, पाच बोटं. या फोमची तारीफ तो रोज करतो: दाबा, सोडा, पाच आकडे मोजा, खूण गायब. तो पाच मोजतो. मग दहा. मग मोजायचं सोडून शटर वर करतो.

दारात तिशीतली बाई. डोळे खोल गेलेले. उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलंय.

एक. दोन. मुळीकचा उजवा हात डाव्या मनगटाकडे निघतो. तो त्याला मध्येच धरतो, खिशात कोंबतो.

“बसा, ताई,” तो म्हणतो. “बाबांनी छातीवर हात ठेवला होता. घाम आला होता त्यांना. मी बघितलं होतं.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही. खिशाकडे बघते. मग मनगट सोडते, आणि बसायला म्हणून त्या उघड्या गादीकडे वळते.

“तिथं नको,” मुळीक म्हणतो.

पंजा अजून भरून आलेला नाही.