दूर्वांचा वाफा

आज माळ्यानं बागेतल्या हरळीवर तणनाशक फवारलं. तो उग्र वास आला आणि मला आमच्या जुन्या घरचा गुलाबाचा वाफा आठवला.

तिथंही हरळी पसरली होती. खुरपून कंटाळलो, म्हणून वैजापूरहून औषध आणून फवारलं. आई त्याच हरळीतून संकष्टीला दूर्वा काढायची, हे ध्यानातच आलं नाही. वडील तेव्हा दवाखान्यात होते. उपास त्यांच्यासाठीच होता.

आठवड्यानं ती पिवळ्या काड्या घेऊन आली. "बाबू, देवाला माझ्या दूर्वा नको झाल्या का रं?"

"ऊन लई हाय, आई."

पंधरा दिवसांत वडील गेले. पुढच्या संकष्टीला आई दुपारीच माझ्याबरोबर जेवायला बसली. मी तिला भाकरी वाढली. फवारल्याचं मात्र ती असेपर्यंत सांगितलं नाही.