काही काम नव्हतं, सहज

अगं, फोन कानाला नीट लाव, आणि आधी चार शब्द ऐकून घे. "काही काम नव्हतं ना, म्हणून नाही केला फोन," म्हणालीस. वा गं वा! इथे सिल्वासाजवळ गलोंड्याच्या कंपनीत एका टेबलावर धाग्याचे कोन भरले आपण, एका डब्यातली भाजी खाल्ली, आणि धुळ्याला परत गेल्यावर तुला माझ्याशी बोलायला काम लागायला लागलं? याच 'काही काम नाही'नं माझे दोन महिने खाल्ले. सांगते.

माझी लेक बंगळूरला, तुला ठाऊकच आहे. ती तिथे करते काय, हे मात्र मलाही आत्ता कळलं. ते एआयचे मदतनीस असतात ना, त्यांना आपण तोंडानं काम सांगायचं. त्यांच्या हाताशी टूलं असतात. पाना-हातोडी नव्हे, एक फोन लावणारं, एक निरोप ठेवणारं, एक गोळीची आठवण करणारं. मदतनिसाला टूल काही दिसत नाही. त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्या वाचून तो ठरवतो कुठलं उचलायचं. त्या ओळी त्याला नीट वाट दाखवतात की भलतीकडे नेतात, हे माझी लेक तपासते. एकच गोष्ट दहा तऱ्हेनं बोलायची आणि बघायचं, तो काय उचलतो.

होळीला आली तेव्हा असाच एक मदतनीस तिनं माझ्या फोनमध्ये बसवून दिला. माझी बोटं तू पाहिलीस, धागा ओढून ओढून गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, तसा फोनही माझं बोट ओळखत नाही. म्हणून तोंडानं. "आई, तू फक्त बोल," म्हणाली, "काय करायचं ते तो ठरवेल."

मी बोलायचे. संध्याकाळी पाळी सुटते, रस्त्यानं सायकली जातात, बायांचा कलकलाट जातो, आणि मग खोलीत एकदम काहीच उरत नाही. तेव्हा मी म्हणायचे, "लेकीला सांग बाबा, काही काम नाही, सहज आठवण आली." तो अगदी अदबीनं म्हणायचा, "निरोप ठेवला आहे." बस. तिच्याकडून उलट अंगठ्याचं चित्र यायचं. मी म्हटलं, कामात असेल. पुढे म्हटलं, कंटाळली असेल आपल्याला. मग मनाची समजूत काढणंच सोडलं. चहा करायचे, अर्धा प्यायचे, अर्धा तसाच निवायचा.

एक दिवस डाळ शिजता शिजता गॅस संपला. सिलिंडर तीच तिकडून नोंदवते, म्हणून मदतनिसाला म्हटलं, "लेकीला सांग, गॅस संपला." तर यानं लगेच फोन लावला! पहिल्याच घंटीला तिचा आवाज.

"आई! काय झालं?"

"गॅस संपला."

"एवढंच ना? घाबरले की मी. नोंदवते."

"थांब, ठेवू नकोस. गॅस संपला की तुझा आवाज येतो होय? मग रोज संपवते."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन महिने रोज तुझी आठवण काढली, तर निरोप. आणि गॅसला फोन!"

ती हळूच म्हणाली, "आई, मला रोज संध्याकाळी एकच ओळ यायची. 'आईचे काही काम नाही.' मी म्हणायचे, चला, आई मजेत आहे."

आठवण वाटेतच गळून पडत होती, बाई.

तिनं फोन लावणाऱ्या टुलाच्या ओळी वाचून दाखवल्या. 'तातडीचे काम असेल तेव्हाच वापरा. बाकी सर्व निरोपात.'

"कुणी लिहिलं हे?" मी विचारलं. "काढा त्याला कामावरून."

"मीच लिहिलंय, आई." हसायला गेली, पण आवाज ओला झाला. "दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी तपासते, आणि ही एक तपासलीच नाही."

मग मी तिला आपल्या तेलाची गोष्ट सांगितली. दोन कॅन शेजारी शेजारी, दोन्हींवर चिठ्ठी 'तेल'. किलवणी गावच्या नव्या बाईनं मशीनचं तेल धाग्याच्या तेलात ओतलं, सगळे कोन डागाळले. सुपरवायझर तिच्यावर ओरडायला लागला, तर तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "साहेब, दोन्हींवर तेलच लिहिलंय. तिला काय स्वप्न पडणार?" मी तेव्हा नुकती अक्षरं जुळवायला शिकले होते. तू खडू माझ्या हातात दिलास आणि मी कॅनवर लिहिलं, 'हे धाग्याला लावू नका'. माझं पहिलं लिहिणं ते.

लेक म्हणाली, "मग सांग, आपली चिठ्ठी कशी लिहू?"

"अगं, माणूस मनातलं कधी सरळ बोलतं का? लिही, आई 'काही काम नाही' म्हणाली तर तेच काम समज."

ती म्हणाली, "अजून काय काय म्हणशील ते सांग, तपासायला लागेल." मी सांगत गेले. जेवलीस का विचार. इकडे आज वीज गेली होती. तुझी हिरवी ओढणी सापडली. ती लिहून घेत होती, मधेच म्हणाली, "ओढणी कुठे होती गं?" आणि आम्ही ओढणीवरच बोलत बसलो. डाळ कच्चीच राहिली. मदतनीस त्यानंतरही दोनदा चुकला. ओढणीचा निरोप करून टाकला. तिनं ओळी पुन्हा बदलल्या, तेव्हा कुठे त्याला समजलं.

आता संध्याकाळी फोन लागतो. पाचेक मिनिटं बोलतो, तिकडे मागून कुणी तिला हाक मारत असतं. ठेवला की खोली आधीपेक्षाही गप्प वाटते. आवाज आला तरी त्याला ताट वाढता येत नाही ना.

तर तू ये. सिल्वासाची गाडी तुला सांगायला नको. तुझी ती कोरडी भेंडी करते, डब्यातल्यासारखी. येताना काम शोधत बसू नकोस. सहज ये. आणि याच महिन्यात ये.